मॉरिशसला जायचे, पण काय शिकायला?

परदेशी शिक्षणाची गोष्ट निघाली, की आम्हा शहापूर-मुरबाडकडच्या मुलामुलींच्या डोळ्यांपुढे विमान उभे राहते. ज्यांचा रोजचा परदेश म्हणजे कल्याण, त्यांनी असे स्वप्न पाहण्यात गैर काही नाही. मलाही विनिमय विद्यार्थिनी म्हणून मॉरिशसला जावेसे वाटते. परंतु "तिथे जाऊन शिकणार काय?" असे सरांनी विचारले, तेव्हा मी निरुत्तर झाले.

मग वाचू लागले. गुलामगिरी बंद झाल्यावर तिथल्या उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. १८३४ ते १९२० या काळात हिंदुस्थानातून जवळजवळ पाच लाख माणसे करारावर नेण्यात आली. त्यांत आपल्या कोकणातलीही होती. पोर्ट लुईच्या ज्या आप्रवासी घाटावर ती उतरली, तो २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या मजुरांची दप्तरे जपून ठेवली आहेत. त्यांत मजुराचे नाव, गाव, वय सापडते. पणतू येतात आणि आपले मूळ शोधतात. त्याच संस्थेत मराठीही शिकवली जाते.

हे वाचताना मला शाळेतली एक कातकरी मैत्रीण आठवली. दिवाळी झाली की तिचे बिऱ्हाड ट्रकमध्ये चढे आणि वीटभट्टीवर जाई. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायची असे. सहामाहीपर्यंत ती माझ्या बाकावर बसे, पुढे जागा रिकामी. सातवीनंतर ती आलीच नाही. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ सालीच झाला आहे. पण उचल काही थांबलेली नाही.

कोणी म्हणेल, आधी आपला तालुका पाहा, मग बेटाच्या गोष्टी करा. मला हे पटत नाही. ते बेट वाचले म्हणून तर मला माझा तालुका दिसला! मात्र विनिमय म्हणजे देवघेव. आपण नुसते समुद्र पाहून परतलो, तर ती सहल झाली.

म्हणून माझी एक सूचना आहे. यंदा दिवाळीनंतर आपल्या गावांतून कोण कोण भट्टीवर गेले, त्यांच्याबरोबर शाळेतली किती मुले गेली, याची नोंद आपण विद्यार्थ्यांनीच करावी आणि ती त्या त्या शाळेच्या गुरुजींना द्यावी. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या मजुराचे नाव मॉरिशसमध्ये सापडते. माझ्या मैत्रिणीचा पत्ता मात्र आज मुरबाडात मला कोणी सांगू शकत नाही.