बाही उलटी लागली तेव्हा



पांढऱ्या साडीवरचा ब्लाऊज यंदा टेलरकडे न टाकता घरीच शिवायचे आम्ही ठरवले. शिवला. पहिल्याच खेपेला डावी बाही उजवीकडे गेली, हे आधीच सांगून टाकतो. अंगात घातल्यावर हात पुढे करता येईना, काखेत मात्र चुण्याच चुण्या. बाहीचा पुढचा भाग मागच्यापेक्षा जास्त खोल कापलेला असतो, हे आम्हाला पाठ होते. पण कापलेल्या दोन बाह्या टेबलावर सारख्याच दिसतात!

दर रविवारी आम्ही पालघरहून डहाणू लोकलने बोईसरला उतरतो. तिथे एकीच्या घरी पाच-सहा जणी जमतात. मशीन एकच, तीही पायाची. त्यात एक ताई आहेत. तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात त्यांनी अकरा वर्षे शर्टाच्या कॉलरी बसवल्या. फक्त कॉलरी. बाह्या दुसरी बसवायची, काजे तिसरी पाडायची, कापण्याचे खाते तर वेगळेच. काम सुटले, मुलगी बारावीला. शेजारणीने ब्लाऊजचे कापड आणून दिले तर ताईंनी परत केले. म्हणाल्या, "मला शिवता येत नाही." अकरा वर्षे मशीनवर बसलेली बाई असे म्हणते, हे ऐकून आमच्या घशात आवंढा आला.

पण आमची उलटी बाही पाहून त्याच हसल्या. "अहो, खाच नाही का मारली? पुढच्या मुंढ्याला एक, मागच्याला दोन. बाहीलाही तशाच. एकाला एक, दोनाला दोन जुळवा, डोळे झाकून बसेल." खाच एका सुताचीच, म्हणजे शिलाईच्या आत राहील एवढी. कारखान्यात प्रत्येक तुकड्याला ती असते, म्हणून तर टाचणी न लावता भराभर शिवतात. आमच्या घरगुती शिवणात ही रीत कुणी सांगितलीच नव्हती.

मग आम्ही त्यांना कात्री धरायला लावली. कागदावर आधी. छाती चौतीस, तर चौथा भाग साडेआठ. वर दीड इंच. (आकडेमोड ही आमची रोजचीच भाकरी!) त्यातला इंचभर बाजूला दाबून ठेवावा, अंग भरले की उसवून सैल करता येतो. टक्स छातीच्या टोकापर्यंत नेऊ नये, इंचभर अलीकडे संपवावा, नाहीतर टोक उभे राहते. गळ्याची पट्टी तिरकी म्हणजे उरेब कापावी. सरळ पट्टी गोल गळ्यावर वळत नाही, सुरकुत्या पडतात. कॉलरीवर अकरा वर्षे गेलेल्या हाताला ती पट्टी अशी बसली की आम्ही पाहतच राहिलो. हातशिलाईचा टाका वरून दिसेना.

कापड सुती असेल तर आधी रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापावे. आमचा पहिला ब्लाऊज बाही उसवून नीट केला, तो पहिल्या धुण्यात आटला. असो, तो आता भाचीला होतो.

आमची आजी चोळीच्या गाठीतच आयुष्य काढून गेली. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या बायाबापड्यांना अंगावरच्या पेहरावाबद्दल बजावले होते, हे आम्ही त्या दुपारी बोललो. अस्पृश्यतेची खूण पटेल असे नेसू नका, म्हणाले. तेव्हा साडीच्या चार बोटे लांबीलाही हिंमत लागत होती.

अस्तराच्या ब्लाऊजची शिलाई आता कित्येकदा कापडाहून महाग पडते. ताईंनी शेजारणीचे ते कापड परवा मागून आणले. शिलाईचे पैसे आधी सांगितले, उधारी नाही. आमच्यासमोरच कापले. कात्री लावताना हात थरथरला, खाचा मात्र सगळ्या बरोबर पडल्या.

येत्या रविवारी कटोरी ब्लाऊज. कापड आपापले आणावे, आणि कृपया भिजवून.