विश्लेषण : हाताला सूज असताना पोहावे का? पाण्यात कॉम्प्रेशन स्लीव्ह हवी की नको?

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या महिलेला घरी सोडताना बऱ्याच गोष्टी बजावल्या जातात. त्या हातावर इंजेक्शन नको, रक्तदाब मोजू देऊ नका, जड उचलू नका. पोहण्याचा विषय त्यात सहसा येत नाही. आलाच तर ‘कशाला उगाच जोखीम’ म्हणून बाजूला पडतो. तरीही ती तरण तलावावर गेली, तर हातावरची स्लीव्ह पाहून दारातच अडवले जाण्याची धास्ती वेगळीच. या दोन्ही नकारांना वैद्यकीय आधार नाही.

लिम्फेडेमा म्हणजे काय?

पेशींभोवती साचणारा प्रथिनयुक्त द्रव लसिकावाहिन्या पुन्हा रक्तात नेऊन सोडतात. त्यांना हृदयासारखा पंप नाही. वाहिन्यांचे स्वतःचे हलके आकुंचन, स्नायूंची हालचाल आणि श्वासोच्छ्वास यांवरच हे काम चालते. काखेतील गाठी काढल्या किंवा तिथे रेडिएशन दिले, की वाट अडते आणि हात सुजू शकतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या उपचारांनंतर हेच पायाला होते. विदर्भाला परिचित असलेला हत्तीपाय हाही लिम्फेडेमाच. तिथे वाहिन्या निकामी करणारा जंत डासामार्फत शरीरात शिरतो. ही सूज वर्षानुवर्षे राहू शकते, म्हणूनच घट्ट स्लीव्ह किंवा स्टॉकिंग रोजच्या कपड्यांइतकेच नेमाने घालावे लागते.

पाणी नेमके काय करते?

येथे शाळेतले भौतिकशास्त्र कामी येते. पाण्यात दर १० सेंटिमीटर खोलीला सुमारे ७.४ मिलिमीटर पारा इतका दाब वाढतो (रक्तदाब मोजतात तेच हे एकक). खांद्यापर्यंत पाण्यात उभे राहिले आणि मनगट ५० सेंटिमीटर खाली असले, तर तिथे सुमारे ३७ चा दाब मिळतो. जर्मन मानकानुसार ‘क्लास २’ स्लीव्हचा दाब २३ ते ३२ असतो. चार फूट पाण्यात उभे राहिल्यास घोट्याजवळ हा आकडा ८०च्या पुढे जातो. शिवाय दाब खाली जास्त आणि वर कमी, म्हणजे स्टॉकिंग जसे मुद्दाम विणले जाते तसाच. थोडक्यात, उभ्या माणसासाठी पाणी हेच कॉम्प्रेशन वस्त्र आहे, तेही फुकट.

मात्र हा हिशेब उभे असतानाचा. आडवे होऊन पोहू लागले की हात पृष्ठभागाजवळ येतो, सगळे शरीर जवळपास एकाच खोलीवर असते आणि खालून वर ढकलणारा फरक उरत नाही. फ्रीस्टाइलमध्ये तर हात प्रत्येक फेरीत हवेत असतो. त्यामुळे ‘पाण्यात दाब असतोच, स्लीव्हची गरज नाही’ हे वाक्य अर्धेच खरे. इस्रायलच्या फिजिओथेरपिस्ट डोरिट तिधार यांनी लिम्फेडेमासाठी विकसित केलेली ‘अ‍ॅक्वा लिम्फॅटिक थेरपी’ ही पाण्यातील संथ व्यायामांचीच पद्धत आहे, वेगाने लांबी कापण्याची नव्हे.

मग स्लीव्ह घालायची की नाही?

पाण्यात उभ्याने व्यायाम किंवा चालणे असेल, तर बहुतेकांना ती लागत नाही. दीर्घ वेळ पोहायचे असेल, किंवा समुद्रकिनाऱ्यावर ओल्या अंगाने तासन्तास वावरायचे असेल, तर घातलेली बरी. त्यासाठी नवी कोरी स्लीव्ह वापरू नये. क्लोरीन आणि खाऱ्या पाण्याने इलॅस्टेनचा ताण जातो आणि ही वस्त्रे स्वस्त नाहीत. दाब थोडा उतरलेली जुनी स्लीव्ह तलावासाठी ठेवावी आणि नंतर साध्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवावी.

खरी गडबड पाण्याबाहेर आल्यावर होते. दाब एकदम निघून जातो आणि ओली स्लीव्ह तशीच ठेवली तर त्वचा भिजून बुरशीला निमंत्रण मिळते. म्हणून अंघोळ करून, बोटांच्या फटी नीट पुसून, कोरडी स्लीव्ह लगेच चढवावी. पोहण्याआधी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हाताचा घेर एकाच जागी टेपने मोजला, तर आपल्याला काय मानवते याचे उत्तर कोणत्याही सामान्य सल्ल्यापेक्षा चांगले मिळते. कडक गरम पाण्याचे टब टाळावेत. जखम असेल किंवा त्वचा लाल, गरम होऊन ताप असेल, तर पोहणे नाहीच. तो संसर्ग असू शकतो आणि डॉक्टरांकडे त्याच दिवशी जायला हवे.

व्यायामाने सूज वाढते, हे खरे का?

ही भीती जुनी आहे. २००९ मध्ये कॅथरिन श्मिट्झ यांच्या गटाने ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये स्तनाच्या कर्करोगानंतर लिम्फेडेमा असलेल्या १४१ महिलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. देखरेखीखाली, हळूहळू वजन वाढवत केलेल्या व्यायामाने त्यांची सूज लक्षणीय वाढली नाही. सूज उफाळण्याचे प्रकार उलट कमी झाले. सरसकट ‘जड उचलू नका’ अजूनही सांगितले जाते, ही गोष्ट वेगळी.

तलावाचा नियम कुठे आडवा येतो?

‘त्वचारोग असणाऱ्यांना प्रवेश नाही’ ही पाटी संसर्गजन्य आजारांसाठी असते. लिम्फेडेमा संसर्गजन्य नाही. हत्तीरोगही पाण्यातून किंवा स्पर्शाने पसरत नाही, त्याला डासच लागतो. राहिला कपड्याचा मुद्दा. तलावावर नायलॉनच्याच पोशाखाचा आग्रह असतो आणि स्लीव्ह प्रामुख्याने नायलॉन-इलॅस्टेनचीच विणलेली असते. ज्या कापडाची सक्ती आहे, त्याच कापडाला हरकत घेण्यात अर्थ नाही. प्रवेशासाठी डॉक्टरांचा दाखला अनेक तलाव मागतातच. त्या छापील नमुन्यात ‘कॉम्प्रेशन वस्त्र वापरण्यास हरकत नाही’ अशी एक ओळ घालणे महापालिकांना अवघड नाही. ती येईपर्यंत रुग्णांनी डॉक्टरांकडून हे वाक्य हाताने लिहून घ्यावे आणि दाखल्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा.