मोफत नव्हे, मुक्त

संगणक विकत घेणारा सामान्य माणूस त्याची कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, निवडत नाही. ती त्याला यंत्राबरोबर आपसूक मिळते. जालन्याच्या बाजारात लॅपटॉप घ्यायला गेलेला पालक किंमत विचारतो, हप्ता विचारतो, वॉरंटी विचारतो. आत विंडोज आहे की लिनक्स, हे तो विचारत नाही. मुक्त स्रोत प्रणाली सर्वसामान्य वापरकर्त्याला आपल्याशा वाटतील काय, या प्रश्नाचा विचार येथूनच सुरू करावा लागतो.

आपल्या शाळेपुरता हा प्रश्न आता केवळ चर्चेचा राहिलेला नाही. विंडोज १० या प्रणालीचे नियमित साहाय्य मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. विंडोज ११ साठी तुलनेने नवा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आवश्यक ठरवण्यात आली असल्याने अनेक जुनी, परंतु धडधाकट यंत्रे तिच्या अटीत बसत नाहीत. ही यंत्रे भंगारात काढायची, की त्यांत दुसरी प्रणाली घालून आणखी काही वर्षे मुलांच्या हाती ठेवायची, याचा निर्णय संस्थेला, पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना मिळून घ्यावा लागणार आहे. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने हा विषय मांडणे आम्हास अगत्याचे वाटते.

अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. संगणकाचा कार्यक्रम कोणालाही चालवता यावा, त्याची आतली रचना अभ्यासता यावी, ती बदलता यावी आणि दुसऱ्याला देता यावी, ही त्यामागची भूमिका होती. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने या प्रणालीचा गाभा ठरलेले लिनक्स जगापुढे ठेवले. इंग्रजीत ‘फुकट’ आणि ‘स्वतंत्र’ या दोन्ही अर्थांना एकच शब्द असल्याने तेथे नेहमी घोटाळा होतो. मराठीत मात्र मोफत आणि मुक्त हे दोन वेगळे शब्द आहेत. लिनक्स बहुधा मोफत मिळते. पण तिचे खरे मोल ती मुक्त आहे यात आहे.

ही प्रणाली कुचकामी असती, तर वाद संपला असता. परंतु जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र २०१७ पासून लिनक्सवर चालते. आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच आहे. जिल्ह्यातील गावोगावचा पालक नकळत रोज तिचा वापर करतो. असे असूनही टेबलावरच्या संगणकांत तिचा वाटा जगभरात २०२४ च्या सुमारास चार टक्क्यांच्या आसपासच होता. गुणवत्ता आहे, किंमत नाही, तरीही माणसे तिच्याकडे वळत नाहीत. हे असे का व्हावे?

जालना हे बियाण्यांचे गाव आहे. १९६४ मध्ये येथे महिको कंपनी स्थापन झाली आणि संकरित बियाण्यांच्या व्यवसायात जालन्याचे नाव देशभर झाले. घरचे सरळ वाणाचे बियाणे राखून ठेवता येते, शेजाऱ्याला देता येते. संकरित बियाणे दर हंगामाला विकत आणावे लागते. हे शेतकऱ्याला ठाऊक नव्हते असे नाही. तरीही त्याने संकरित बियाणे घेतले, कारण उतारा अधिक मिळत होता. स्वातंत्र्याचे तत्त्व कितीही मोठे असले, तरी ज्याच्यापुढे संसाराचा गाडा आहे तो आधी पीक पाहतो. मुक्त प्रणालीच्या पुरस्कर्त्यांनी ही गोष्ट नीट ओळखलेली नाही. शिवाय, विनापरवाना विंडोज गल्लोगल्ली घालून मिळत असताना ‘आमचे मोफत आहे’ या सांगण्याला फारसे वजन उरत नाही.

मग माणसे वळतात कशाने? इतिहासाचे अभ्यासक म्हणून आम्हास याचे उत्तर मराठवाड्याच्याच इतिहासात दिसते. निजामाच्या राज्यात कारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणही उर्दूतून दिले जाई. मराठी घरांतील मुले उर्दू शिकली, ती मराठी दुबळी होती म्हणून नव्हे. कचेरी, न्यायालय आणि नोकरी यांचे दार त्या भाषेतून उघडत होते म्हणून. १७ सप्टेंबर १९४८ नंतर चित्र पालटले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम आला. पुढच्या पिढीतील मराठी मुलांना नोकरीसाठी उर्दूची गरज उरली नाही. जुन्या कारभाराच्या खुणा ‘खासरा पत्रक’ यांसारख्या शब्दांत तेवढ्या राहिल्या. कोणी प्रत्येक माणसाचे मन वळवत बसले नव्हते. शाळा, परीक्षा आणि कचेरी बदलली, तशी सवय बदलली.

महाराष्ट्रात संगणकाची सवय अशीच घडली. राज्य शासनाच्या पुढाकाराने २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने संगणक तालुक्यांच्या गावांपर्यंत नेला. हे श्रेय द्यावेच लागेल. मात्र विंडोज, वर्ड आणि एक्सेल यांभोवती गुंफलेल्या शिक्षणामुळे ‘संगणक येतो’ याचा अर्थच ‘विंडोज येते’ असा झाला. शासकीय नोकरीसाठी प्रमाणपत्र आवश्यक ठरल्यावर तो अर्थ पक्का झाला. दुसरीकडे सी-डॅक या शासकीय संस्थेने भारतीय भाषांसह ‘बॉस’ नावाची लिनक्स प्रणाली तयार केली. ती आमच्या पाहण्यात आपल्या भागातील शाळांत क्वचितच आली. कारण तिच्यामागे ना परीक्षा होती, ना नोकरी.

केरळने दुसरी वाट धरली. तेथे २००१ मध्ये ‘आयटी अॅट स्कूल’ प्रकल्प सुरू झाला आणि टप्प्याटप्प्याने सरकारी शाळांचे संगणक शिक्षण मुक्त प्रणालीवर नेण्यात आले. शिक्षकांना प्रशिक्षण दिले गेले, पाठ्यपुस्तके त्यानुसार लिहिली गेली आणि दहावीची आयटी परीक्षाही त्याच प्रणालीवर होऊ लागली. २०१७ मध्ये या प्रकल्पाचे ‘काइट’ या शासकीय कंपनीत रूपांतर झाले. तेथील विद्यार्थ्यास लिनक्स परके वाटत नाही. उलट उदाहरण जर्मनीतील म्युनिक शहराचे. तेथील नगरपालिकेने २००३ मध्ये निर्णय घेतला, २०१३ पर्यंत सुमारे पंधरा हजार संगणक लिनक्सवर नेले आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचे ठरवले. बाहेरच्या कार्यालयांशी कागदपत्रांची देवाणघेवाण करताना अडचणी येत होत्या, नेतृत्वही बदलले होते. केरळमध्ये शाळा ते परीक्षा अशी सलग साखळी होती. म्युनिकमधील कार्यालय मात्र भोवतालच्या विंडोजच्या जगात एकटे पडले.

आक्षेपांचाही प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे. आपली मुले उद्या जालन्याच्या पोलाद कारखान्यात, बियाणे कंपनीत किंवा अडत दुकानात हिशेब लिहायला बसतील, तेव्हा समोर टॅली असेल आणि ती विंडोजवर असेल. मुद्रणव्यवसायातही तीच अवस्था. अशी स्मरणिका छापताना लेख मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहून येतात, पण अनेक छापखान्यांतील मांडणीचे कार्यक्रम जुन्या फाँटांवर चालतात. रूपांतर करताना जोडाक्षरे तुटतात आणि मुद्रितशोधनात रात्री जातात. हातावर पोट असलेल्या कुटुंबातील मुलावर आपल्या तत्त्वाचा प्रयोग करून त्याची पहिली नोकरी धोक्यात घालण्याचा अधिकार कोणालाही नाही.

परंतु हा आक्षेप अर्धाच खरा आहे. यू-डायस असो, शिष्यवृत्तीचा अर्ज असो की प्रवेशप्रक्रिया, आज बहुतेक कामे ब्राउझरमधून होतात आणि ब्राउझरला खाली कोणती प्रणाली आहे याचे फारसे सोयरसुतक नसते. लिब्रे ऑफिसमध्ये तक्ता शिकलेला मुलगा थोड्या सरावाने एक्सेल हाताळू शकतो. युनिकोड मराठी आणि इनस्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये निराळे पैसे न मोजता मिळतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, यंत्राच्या आत डोकावण्याची मुभा मिळते. ज्या समाजास शतकानुशतके ‘हे तुमच्यासाठी नाही’ असे सांगून ज्ञानाबाहेर ठेवण्यात आले, त्या समाजाच्या शाळेने मुलांना केवळ बटणे दाबायला शिकवून थांबू नये.

निवासी शाळा येथे वेगळी ठरते. ज्यांचे आईवडील ऊसतोडीला जातात, त्यांच्या घरी संगणक नसतो. त्यांची पहिली सवय वसतिगृहाच्या संगणककक्षातच पडते. म्हणून आमची सूचना अशी आहे. जुन्या यंत्रांवर लिनक्स घालावे. टॅली व नोकरीच्या परीक्षांच्या सरावासाठी दोन-तीन संगणक परवानाधारक विंडोजसह ठेवावेत. दोन शिक्षकांना आणि वरच्या वर्गातील काही विद्यार्थ्यांना दुरुस्तीपर्यंतचे प्रशिक्षण द्यावे. पुणे-हैदराबादेत संगणकक्षेत्रात नोकरी करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी नव्या यंत्रांच्या देणगीबरोबर, किंबहुना तिच्याआधी, वर्षातील काही रविवार द्यावेत. यंत्र अडले आणि विचारायला माणूस नसला, की लोक विंडोजकडे परततात, हे ध्यानात असावे.

मुक्त प्रणाली सर्वसामान्यांना आपलेसे करतील काय? बाजारातून, एकेक ग्राहक जिंकत, त्या करतील असे आम्हास वाटत नाही. शासनाने परीक्षा आणि कचेऱ्या त्यांना खुल्या केल्या, तर एका पिढीत चित्र बदलेल. तोवर आपल्या हाती आपला संगणककक्ष आहे. तेथून दोन्ही प्रणाली जाणणारा आणि त्यांतील भेद ओळखणारा विद्यार्थी बाहेर पडावा, एवढे तरी आपण निश्चित करू शकतो.