विश्लेषण : नाकुरू सरोवरातले फ्लेमिंगो गेले कुठे? केनियाच्या प्रसिद्ध उद्यानाचे चित्र का पालटले?

केनिया सफारीची जाहिरात असो वा इन्स्टाग्रामवरचे रील, एक दृश्य त्यात हमखास असते. निळसर पाणी आणि त्याच्या कडेने क्षितिजापर्यंत पसरलेला फ्लेमिंगोंचा गुलाबी पट्टा. हे दृश्य बहुतेक वेळा नाकुरू सरोवराचे असते आणि अनेकदा ते दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे असते. आज तिथे जाणाऱ्या पर्यटकाला गेंडे, जिराफ, रानम्हशी दिसतात, नशीब असेल तर झाडावर पहुडलेला सिंहही दिसतो. फ्लेमिंगो मात्र कधी थोडेफार दिसतात, तर कधी अगदी तुरळक. मग एकेकाळी दहा लाखांहून अधिक फ्लेमिंगो गोळा होणाऱ्या या सरोवराचे झाले तरी काय? पाणी आटले म्हणून पक्षी गेले, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात घडले ते नेमके उलट.

नाकुरू उद्यान कुठे आहे? ते महत्त्वाचे का?

राजधानी नैरोबीपासून रस्त्याने सुमारे १६० किलोमीटरवर, ग्रेट रिफ्ट व्हॅली या प्रचंड खचदरीत नाकुरू सरोवर आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला इथे पक्षी अभयारण्य झाले आणि १९६८मध्ये राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. उद्यानाचे एकूण क्षेत्र साधारण १८८ चौरस किलोमीटर आहे. १९९०मध्ये नाकुरू हे केनियातील पहिले रामसर पाणथळ स्थळ ठरले. २०११मध्ये बोगोरिया आणि एलेमेंटाइटा या शेजारच्या सरोवरांसह त्याला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले.

गेंड्यांसाठीही हे उद्यान मोलाचे आहे. १९७०च्या सुमारास केनियात काळ्या गेंड्यांची संख्या २० हजारांच्या आसपास होती. शिंगांसाठी झालेल्या बेसुमार शिकारीमुळे १९८०च्या दशकाच्या अखेरीस ती ४००च्याही खाली आली. उरलेले गेंडे वाचवण्यासाठी नाकुरूला कुंपण घालून तिथे गेंडा अभयारण्य उभारण्यात आले. त्यामुळे आज काळा आणि पांढरा असे दोन्ही गेंडे एकाच फेरीत दिसण्याची शक्यता इथे चांगली असते. हत्ती मात्र या उद्यानात नाहीत.

फ्लेमिंगो नाकुरूलाच का येत?

याचे उत्तर पाण्याच्या चवीत आहे. नाकुरू हे सोडा सरोवर आहे. न्जोरो, मकालिया, न्देरित या छोट्या नद्या त्यात येऊन मिळतात, पण सरोवरातून एकही नदी बाहेर पडत नाही. आलेले पाणी मुख्यतः बाष्पीभवनानेच जाते आणि क्षार मागे राहतात. अशा खारट, अल्कधर्मी पाण्यात फार थोडे जीव तग धरतात. त्यातलाच एक म्हणजे स्पिरुलिना या नावाने ओळखले जाणारे नीलहरित शैवाल. आपल्याकडे औषधांच्या दुकानात त्याच्या गोळ्या मिळतात.

छोटा रोहित, म्हणजेच लेसर फ्लेमिंगो, प्रामुख्याने याच शैवालावर जगतो. चोच उलटी करून तो पाणी गाळतो आणि शैवाल खातो. त्याच्या पिसांचा गुलाबी रंगही या आहारातील रंगद्रव्यांमुळेच येतो. जगातील सुमारे तीन चतुर्थांश छोटे रोहित पूर्व आफ्रिकेत राहतात. थोडक्यात, पाणी खारट असेल तर शैवाल वाढते आणि शैवाल असेल तिथे फ्लेमिंगो येतात.

मग बिघडले काय?

सरोवर भरत गेले. २०१०च्या सुमारास नाकुरूचे क्षेत्र ३५ ते ४० चौरस किलोमीटर होते. दशकभरात ते ७० चौरस किलोमीटरच्या जवळ पोहोचले. पूर्व आफ्रिकेतील २२ सोडा सरोवरांच्या उपग्रह नोंदी तपासणारा एक अभ्यास २०२४मध्ये ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार २००९ ते २०२२ या काळात नाकुरूचे क्षेत्र ९१ टक्क्यांनी वाढले आणि शैवालाचे प्रमाण दाखवणारे क्लोरोफिल सरासरी निम्म्यावर आले.

ताकात पाणी वाढवत नेले की ते बेचव होते, तसेच काहीसे इथे झाले. क्षार तेवढेच, पाणी दुप्पट. खारटपणा उतरल्यावर शैवाल विरळ झाले आणि फ्लेमिंगोंनी दुसरी ताटे शोधली. हे पक्षी भटकेच असतात. एका सरोवरात अन्न कमी झाले की रात्रीतून दुसऱ्या सरोवराकडे उडून जातात. आता अडचण अशी आहे की रिफ्ट व्हॅलीतील अनेक सरोवरे एकाच वेळी वाढत आहेत. नाकुरूहून पक्षी ज्या बोगोरियाकडे वळले, त्याचीही पातळी वाढली आहे. तिथून जवळच असलेले बारिंगो हे गोड्या पाण्याचे सरोवरही फुगत आहे. ही दोन्ही पाणी एकत्र झाली तर बोगोरियाचा खारटपणाही जाईल, ही अभ्यासकांची मोठी चिंता आहे.

पाणी वाढले कशामुळे?

केनिया सरकार आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने २०२१मध्ये रिफ्ट व्हॅलीतील सरोवरांवर अहवाल प्रसिद्ध केला. त्यात वाढत्या पावसाला मुख्य कारण मानले आहे. या भागात २०१०नंतर पावसाचे प्रमाण वाढले. २०१९मध्ये हिंदी महासागर द्विध्रुव, म्हणजे इंडियन ओशन डायपोल, अत्यंत तीव्र झाला आणि पूर्व आफ्रिकेत अतिवृष्टी झाली. त्या वर्षी भारतातही मान्सून लांबला होता आणि त्यामागे याच द्विध्रुवाचा हातभार होता.

दुसरे कारण जमिनीवरचे आहे. नाकुरूला पाणी देणाऱ्या नद्या माऊ वनक्षेत्राच्या उतारावर उगम पावतात. सरकारी कृती दलाने २००९मध्ये सांगितल्याप्रमाणे या वनक्षेत्राचा जवळपास चौथा हिस्सा, एक लाख हेक्टरहून अधिक, अतिक्रमण आणि जमीनवाटपात गेला. जंगल असले की पाणी जमिनीत मुरते. ते तुटले की पाणी माती घेऊन थेट सरोवरात येते आणि तळाशी गाळ साचतो. खचदरीतील भूगर्भीय हालचालींचाही विचार झाला आहे, पण त्यांचा वाटा मुख्य मानला जात नाही.

सरोवराच्या पातळीतील चढउतार मुळात नवे नाहीत. १९९०च्या दशकाच्या मध्यात हेच सरोवर जवळपास कोरडे पडले होते. ‘नाकुरू’ हे नावच मासाई भाषेतील धुळीच्या जागेवरून आले, असे सांगितले जाते. पण एवढी मोठी आणि इतकी वर्षे टिकलेली वाढ सध्याच्या पिढीने पाहिलेली नव्हती.

याचा फटका कोणाला?

पहिला फटका उद्यानालाच बसला. जुने मुख्य प्रवेशद्वार, कार्यालये आणि काठाचे रस्ते पाण्याखाली गेले. काठावरची पिवळ्या खोडाची बाभूळवर्गीय झाडे पाण्यात उभ्या उभ्या मेली. उद्यानाला चारी बाजूंनी कुंपण असल्याने प्राण्यांना मागे सरकायला जागा नाही. एकूण क्षेत्राच्या एक तृतीयांशाहून अधिक भाग सरोवराने व्यापला, तेव्हा गेंडे आणि रानम्हशींचे कुरण तेवढे घटले.

दुसरा फटका माणसांना बसला. उद्यानाला लागून असलेल्या मवारिकी आणि बारुत या वस्त्यांतील घरे आणि शेते पाण्यात गेली. नैवाशा सरोवराकाठच्या किहोतो वस्तीतही असेच लोंढे शिरले. हा पूर एका रात्रीत येऊन ओसरणारा नसतो. पाणी वर्षानुवर्षे हलत नाही. त्यामुळे घराची किंमत आणि जमिनीची मालकी दोन्ही कागदावरच उरतात.

तिसरा प्रश्न प्रदूषणाचा आहे. नाकुरूला डिसेंबर २०२१मध्ये शहराचा दर्जा मिळाला. झपाट्याने वाढणाऱ्या या शहराचे सांडपाणी उताराने सरोवराकडे येते. पाणी गोडे होत गेल्याने तिलापिया मासा वाढला आणि काठावर चोरून मासेमारी सुरू झाली. सरोवराच्या गाळात जड धातू आढळले असल्याने असा मासा खाणे किती सुरक्षित, हा प्रश्न कायम आहे.

भारताशी आणि महाराष्ट्राशी काय संबंध?

पूर्व आफ्रिकेतील छोट्या रोहितांचे एकमेव नियमित प्रजननस्थळ टांझानियातील नेट्रॉन सरोवर आहे. तिथे सोडा अॅशचा मोठा कारखाना उभारण्याचा प्रस्ताव मुंबईस्थित टाटा केमिकल्सने टांझानियाच्या सरकारी महामंडळासोबत मांडला होता. पर्यावरणप्रेमींच्या विरोधानंतर २००८मध्ये कंपनीने त्यातून माघार घेतली. फ्लेमिंगोंच्या दृष्टीने तो निर्णय किती मोठा होता, हे आज अधिक स्पष्ट होते. कारण नाकुरूचे पर्याय कमी होत आहेत, पण नेट्रॉनला पर्याय मुळातच नाही.

ठाणे खाडीत उतरणारे छोटे रोहित याच प्रजातीचे असले, तरी ते प्रामुख्याने गुजरातकडून येतात. बुलडाण्याचे लोणारही नाकुरूसारखेच खारट, अल्कधर्मी सरोवर आहे. जून २०२०मध्ये तिथले पाणी गुलाबी झाले होते. पाणी कमी होऊन खारटपणा वाढला आणि क्षारप्रेमी सूक्ष्मजीव वाढले, हे त्याचे कारण. पाणी घटले काय किंवा वाढले काय, अशा सरोवरांचा तोल किती नाजूक असतो, हे दोन्ही ठिकाणी दिसते.

मग नाकुरूला जावे का?

जरूर जावे, पण कशासाठी जायचे हे ठरवून. गेंडे, जिराफ आणि बबून क्लिफवरून दिसणारे सरोवर यांसाठी नाकुरू आजही उत्तम आहे. फ्लेमिंगोच पाहायचे असतील, तर ते सध्या कोणत्या सरोवरावर आहेत हे निघण्याच्या आठवड्यात स्थानिक गाइडकडून विचारून घ्यावे आणि बोगोरिया किंवा एलेमेंटाइटासाठी एक दिवस मोकळा ठेवावा. सहल कंपनी ‘लाखो फ्लेमिंगो’ दाखवण्याची हमी देत असेल, तर फोटो कोणत्या वर्षीचा आहे, हे विचारायला हरकत नाही.

भारतीयांनी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. जानेवारी २०२४पासून केनियात व्हिसाऐवजी ईटीए ही ऑनलाइन प्रवासपरवानगी लागते. पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची, लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी. प्रमाणपत्र नसेल तर भारतात परतल्यावर विलगीकरणात राहावे लागू शकते. तसेच केनियात प्लॅस्टिक पिशव्यांवर २०१७पासून, तर राष्ट्रीय उद्यानांत एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकवर जून २०२०पासून बंदी आहे. त्यामुळे पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्यांऐवजी पुन्हा भरता येणारी बाटली जवळ ठेवावी.

फ्लेमिंगो नाकुरूला परततील का, हे पुढच्या काही वर्षांच्या पावसावर आणि माऊच्या उतारावरील जंगलावर अवलंबून आहे. पावसावर कोणाचा हात नाही. जंगल राखणे मात्र केनियाच्या हातात आहे.