संपत्ती कर तर आपण भरतोच की!

परवा वरवंडच्या चौकात चहा घेताना एक शेतकरी मित्र म्हणाला, "पत्रकार, तो संपत्ती कर परत आणायचा म्हणत्यात. हायवेकडंची जमीन कागदावर कोटीची झालीय. उसाच्या बिलातनं कर भरायचा, का जमीन इकायची?"

त्याची भीती खोटी नाही. जमिनीचा भाव वाढला म्हणून खिशात पैसा येत नाही. १९५७ ला संपत्ती कर आला तेव्हा शेतजमीन वगळली होती. १९६९ मध्ये कायदा बदलून तीही ओढली आणि १९७१ ला सुप्रीम कोर्टाने तो बदल वैध ठरवला. पुढे ती पुन्हा सुटली. म्हणून "शेतजमिनीला हात लावणार नाही" हे भाषणात नको, कायद्यात लिहून पाहिजे.

पण मी त्याला विचारलं, "घरपट्टी भरतोस ना?"

घरपट्टी म्हणजे दुसरं काय आहे? २०१५ च्या शेवटी नियम बदलले. तेव्हापासून ग्रामपंचायतीची घरपट्टी भांडवली मूल्यावर ठरते. जागेचा रेडीरेकनर दर, बांधकामाचा दर, घर जुनं असेल तर घसारा, मग दर हजारी अमुक पैसे. यंदा उत्पन्न किती झालं, घरावर बँकेचं कर्ज किती, कुणी विचारत नाही. मातीच्या घरालाही आकारणी आहेच. हा संपत्ती करच झाला, नाव तेवढं वेगळं.

आता वर बघा. केंद्राचा संपत्ती कर अरुण जेटलींनी २०१५ च्या बजेटमध्ये बंद केला. २०१३-१४ मध्ये अख्ख्या देशातून फक्त १,००८ कोटी आले, खर्च जास्त आणि वसुली कमी, असं कारण दिलं. आकडा खरा आहे. पण तो एवढा कमी का? कारण १९९२ च्या बजेटने शेअर्स त्यातून बाहेर काढले होते. उरलं काय? जादा घर, गाडी, दागिने, शहरातली मोकळी जागा. खरी मोठी संपत्ती आधीच सुटली होती. कराच्या बदल्यात कोटीच्या वर उत्पन्नावर २ टक्के जादा सरचार्ज लावला. पण शेअर विकेपर्यंत त्याची वाढ उत्पन्नात धरतच नाहीत!

पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये मांडलं, की देशातल्या वरच्या १ टक्का लोकांकडे ४० टक्के संपत्ती आहे. त्यांची सूचना होती, निव्वळ संपत्ती १० कोटींच्या वर असेल तर २ टक्के कर. निव्वळ म्हणजे कर्ज वजा करून. घरपट्टीत ती सवलतसुद्धा नाही.

श्रीमंत देश सोडतील म्हणतात. सोडतातही. नॉर्वेने २०२२ मध्ये हा कर वाढवल्यावर काही धनाढ्य स्वित्झर्लंडला गेले. पण स्वित्झर्लंडमध्येही संपत्ती कर आहे! दर कमी, पण आहे. म्हणजे दर बेताचा हवा आणि पळवाटा बंद हव्यात, एवढंच त्यातून कळतं. कर नकोच, असं नाही.

आपलं घर उचलून पळता येत नाही, म्हणून घरपट्टी वसूल होते. ज्याची संपत्ती पळू शकते त्याला सूट, हा कुठला न्याय?

मित्राला शेवटी विचारलं, "कर्ज वजा जाता तुझे दहा कोटी होत्यात का?" तो हसला. म्हणाला, "सोसायटीचं कर्ज तेवढं होतंय का बघ!"

मग त्यांच्या वाटणीची काळजी आपण का करायची?