पाणी स्वच्छ झाले, धार गेली

निगडी, मोशी, वाकड वा चाकण येथील घरांत संपूर्ण घराच्या नळजोडणीवर जलगाळणी बसविली की काही आठवड्यांतच एक तक्रार हमखास ऐकू येते. पाणी नितळ आले. परंतु वरच्या मजल्यावरचा शॉवर ठिबकू लागला आणि गिझर पेटेनासा झाला. मग कोणी प्लंबरच्या सल्ल्याने पंप विकत घेतो, तर कोणी गाळणीतले कार्ट्रिजच काढून रिकामी नळकांडी तशीच लटकत ठेवतो. दोन्ही उपाय हिशेब न पाहता केलेले असतात.

दाबाचा हिशेब व्यापारी घरांना समजायला मुळीच अवघड नाही. जमेची बाजू एकच : गच्चीवरील टाकीची उंची. दहा मीटर उंचीमागे साधारण एक बार दाब मिळतो. चार मजली इमारतीत तळमजल्याच्या नळाला बारा-तेरा मीटर उंची लाभते, म्हणजे सव्वा बार. सर्वांत वरच्या मजल्याच्या वाट्याला जेमतेम तीन मीटर, म्हणजे ०.३ बार. खर्चाच्या बाजूला पाइपची लांबी, प्रत्येक वळण, प्रत्येक कॉक आणि शेवटी गाळणी. कोऱ्या कार्ट्रिजमध्येही दाबाचा काही अंश खर्च होतो आणि गाळ साचत जाईल तसा तो वाढतो. तळमजल्यावर जी गाळणी कोणाच्या लक्षातही येत नाही, तीच चौथ्या मजल्यावर भांडवलच खाऊन टाकते.

या पट्ट्यात गाळ लवकर साचण्यालाही कारण आहे. पिंपरी-चिंचवडचे मुख्य पाणी पवना धरणातून नदीपात्राने रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि निगडीच्या केंद्रात शुद्ध होते. (धरणापासून थेट बंद जलवाहिनी टाकण्याच्या योजनेला मावळातील शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे झालेल्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचे प्राण गेले आणि काम थांबले. नळाच्या धारेमागे हेही आहे.) नोव्हेंबर २०१९ पासून शहराला दिवसाआड पाणी मिळू लागले. रिकाम्या झालेल्या वाहिन्या पुन्हा भरताना आतला गंज आणि गाळ सुटतो व तळटाकीत उतरतो. हे पाणी सह्याद्रीतल्या पावसाचे, क्षारांनी हलके. चाकण, मोशीकडे जेथे बोअरवेल वा टँकरवर भिस्त आहे, तेथे मात्र क्षारांचा थर नळाच्या तोंडच्या जाळीत आणि जुन्या लोखंडी पाइपांत बसतो, आणि त्याचे खापर विनाकारण गाळणीवर फुटते.

म्हणून प्रथम दोषी कोण ते ठरवावे. केवळ एकच नळ मंद असेल तर गाळणी निर्दोष आहे. त्या नळाची जाळी काढून व्हिनेगरमध्ये भिजवावी. फक्त गरम पाणी मंद असेल तर गिझरकडे पाहावे. सगळेच नळ मंद असतील तर पंधरा लिटरची बादली भरण्यास किती सेकंद लागतात ते मोजावे, गाळणीचा बायपास उघडून पुन्हा मोजावे. बायपासवर बादली निम्म्या वेळात भरली तर प्रश्न मिटला. फरक पडला नाही तर अर्धवट बंद राहिलेला कॉक शोधावा. गाळणीच्या दोन्ही बाजूंस दाबमापक लावले असतील तर ते नळ चालू असतानाच वाचावेत. पाणी थांबलेले असताना दोन्ही काटे सारखाच आकडा दाखवतात.

पाणी गाळून वापरणाऱ्या घरांत आणखी एक तपासणी लागते. जिवाणी जपण्याची रीत बंद कार्ट्रिजमध्ये पाळता येत नाही, म्हणून नळाला बांधलेले दुपदरी फडके कायम राहते. तेही गाळणीच आहे. मोजणीच्या वेळी ते सोडून ठेवावे, नाहीतर फडक्याचा खर्च कार्ट्रिजच्या नावे पडतो.

कार्ट्रिज बदलूनही ते महिन्याभरात तुंबत असेल तर ते प्रमाणाबाहेर बारीक आहे. सर्व घरासाठी पाच मायक्रॉनची गरज क्वचितच असते. आधी धुता येणारी जाड जाळी आणि मागे वीस मायक्रॉन पुरेसे. दहा इंचाऐवजी वीस इंचाचे कार्ट्रिज घेतल्यास गाळण्याचा पृष्ठभाग दुप्पट होतो. दोन गाळण्या लावायच्याच असतील तर शेजारी-शेजारी लावाव्यात. एकापाठोपाठ लावल्या की दोघींचा खर्च बेरजेत येतो. बसविणारे बहुधा हेच करतात, कारण पाइप कमी लागतो.

खरा उपाय मात्र जागा बदलण्याचा आहे. तळटाकीतून गच्चीवर पाणी चढवणाऱ्या मोटरच्या मार्गावर गाळणी बसवावी. तेथे दाब मोटर देते, उंचीच्या तुटपुंज्या जमेला हात लागत नाही. नळकांडे तेवढा दाब सोसणारे हवे. तेथे केवळ गाळाचे कार्ट्रिज असावे, कार्बनचे नको. कार्बन क्लोरीन काढून घेतो आणि टाकीतले पाणी असुरक्षित होते. सोसायटीत यासाठी सर्वांची संमती लागेल, परंतु खर्च वाटला जातो.

एवढ्यानेही वरच्या मजल्याचे भागले नाही, तरच टाकीच्या निर्गमावर छोटा पंप बसवावा, आणि गाळणी पंपाच्या पुढे ठेवावी, मागे नव्हे. तुंबलेल्या गाळणीतून ओढताना पंप खराब होतो. महापालिकेच्या वाहिनीला मोटर जोडणे बेकायदेशीर तर आहेच, शिवाय शेजाऱ्याचे पाणी आणि फुटक्या सांध्यातून बाहेरचे मैलापाणी दोन्ही आत खेचले जाते.

नवे कार्ट्रिज बसले त्या दिवशी बादलीचे सेकंद मोजून तारखेसह नळकांड्यावरच लिहून ठेवावेत. वेळ दीडपट झाली की कार्ट्रिज बदलावे; विक्रेत्याने सांगितलेल्या सहा महिन्यांची वाट पाहू नये.