बांधावर आम्ही, बैठकीत कोण?



तेरणा नदी आमच्या वाशी तालुक्यात, तेरखेड्याजवळ उगम पावते आणि गोरोबाकाकांच्या तेरवरून पुढे मांजरेला मिळते. वरच्या गावचा पाझर तलाव फुटला, तर खालच्या गावची माती वाहून जाते. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत जिल्ह्यातली शेते खरवडून गेली, तेव्हा हे पुन्हा दिसले.

त्यानंतर एका गावात बांधाच्या दुरुस्तीसाठी बैठक होती. पारावर पुरुष, भिंतीकडेला आठ-दहा बाया. दर घरातून एकाने श्रमदानाला यावे, असे ठरले. येणार बाईच, हे सगळ्यांना ठाऊक होते. एक आजी म्हणाल्या, "बहात्तरच्या दुष्काळात ह्याच बांधावर पाट्या वाहिल्या म्या. तवाबी कुणी इचारलं न्हाई."

खरेच आहे. 1972 च्या दुष्काळी कामांवर आणि नंतर रोजगार हमीवर मराठवाड्यातल्या बायांनी खडी फोडली, माती वाहिली. पण 2005 च्या कायद्याने पाणी वापर संस्थेचे सभासदत्व जमिनीशी जोडलेले आहे. सातबारावर नाव नाही, म्हणून मत नाही. घाम मात्र चालतो!

देखभाल म्हणजे तरी काय? सांडव्यातली झुडपे तोडणे, भरावावरची बाभळ लहान असतानाच उपटणे, घुशींची बिळे बुजवणे, पावसाळ्यापूर्वी कोल्हापुरी बंधाऱ्याची दारे काढून ठेवणे. पाझर गढूळ येऊ लागला की आतून माती सुटते आहे, हे ओळखणे. धुण्याला, शेरडांमागे रोज तिथे जाणाऱ्या बाईला हे आधी दिसते. पण सांगायचे कुणाला? 2 जुलै 2019 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातले तिवरे धरण फुटले. गळतीच्या तक्रारी गावाने आधीच केल्या होत्या. जलसंधारणमंत्र्यांनी दोष दिला खेकड्यांना!

म्हणून जबाबदारी वाटून घ्यायला आमची ना नाही. पण श्रमदानाच्या नावाखाली शासनाने अंग काढून घेऊ नये. भराव आणि सांडव्याची तांत्रिक तपासणी, मोठी दुरुस्ती आणि तिचा खर्च शासनाचाच. गावाच्या कामाला मजुरी हवी. सातबारावर नवऱ्यासोबत बायकोचे नाव हवे. समितीत भूमिहीन बाया हव्यात, आणि वरच्या-खालच्या गावांची बैठक एकत्र हवी.

पुढच्या मृगाआधी आपापल्या ग्रामसभेत एवढेच विचारा: आपल्या बांधाची तपासणी शेवटची कधी झाली? उत्तर लेखी मागा. आणि या वेळी भिंतीकडेला नको, पारावर बसून मागा.